जिताडा कसा गरवावा

खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्या नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो रॉडचा आणि दुसरा ल्यूरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, रंगाचा. जिताडा मिळण्या-न मिळण्याशी या दोन्हींचा संबंध फार थोडा आहे. धरमतरच्या खाडीकाठी नुसती हातदोरी आणि जिवंत कोळंबी घेऊन बसणारी माणसं जिताडा काढतात, आणि शेजारी महागडं रील घेऊन उभा असलेला रिकामा परततो. हातदोरीवाल्याला पाणी कळतं, एवढाच फरक. चांगला गरवणारा कशाने होतो असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: पाणी कधी, कुठून आणि किती वेगाने जाणार हे ज्याला गळ टाकायच्या आधी माहीत असतं, तो.

मासा कोण आहे ते आधी डोक्यात पक्कं असू द्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रायगडातला जिताडा, गोव्यातला चोणक, बंगालातली भेटकी आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडी हा एकच मासा, एशियन सीबास. अमेरिकेत ज्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात तो लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला आणि वेगळ्या कुळातला, पण शिकारीची रीत दोघांची सारखीच. आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य जवळून जाईपर्यंत हलायचं नाही, आणि मग तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. जिताडा सुरमईसारखा पाठलाग करत फिरत नाही. म्हणून ‘टाकत राहा, कधी तरी लागेल’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. जिथे तो उभा नाही तिथे दिवसभर टाकत राहिलात तरी काही होणार नाही.

सामान

सात फुटांच्या आसपासचा मध्यम-जड रॉड, 30 पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणीची) दोरी आणि पुढे मीटरभर 40 ते 50 पौंडांचा लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा जाड दोरीचा तुकडा. लीडरमध्ये कंजुषी करू नका. जिताड्याला मोठे सुळे नसतात, पण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि डोकं झटकताना तीच दोरीवर घासते. चार-पाच इंची सॉफ्ट प्लॅस्टिक शॅड (मऊ माशासारखे ल्यूर), ते ओवायला वेगवेगळ्या वजनांचे जिगहेड (वजन जोडलेले गळ) आणि एखाद-दुसरा तरंगता मिनो (कडक माशासारखा ल्यूर) एवढं पुरे. मिनोबरोबर आलेले तिकाटी गळ बारीक असतील तर काढून जाड बसवा, कारण जिताड्याच्या ताकदीपुढे बारीक गळ सरळ होतात.

दिवस ठरवणं

भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाईलवर मिळतं, जरूर बघा. पण कोळ्यांचा जुना हिशोब तोंडपाठ असला तर महिनाभराचे बेत बसल्या जागी करता येतात. तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, चतुर्थीला तीन. दुसरी भरती त्याच्या साधारण बारा तास पंचवीस मिनिटं आधी किंवा नंतर. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते, आणि हा उशीर प्रत्येक जागेचा वेगळा. आपल्या जागेचा एकदा घड्याळ लावून बघायचा आणि लिहून ठेवायचा.

आता पंचमी घ्या. पाचाची पाऊणपट पावणेचार. खाडीत आत गेल्यावर समजा साडेचार. म्हणजे पाच-साडेपाचला सुकती (ओहोटी) लागते आणि तिचा जोर ऐन तिन्हीसांजेला येतो. पहाटेची भरतीही साधारण त्याच घड्याळाने, म्हणजे उजाडतानाही सुकतीच. जिताडा अंधुक उजेडात जास्त खातो, त्यामुळे तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस हे माझे दिवस, शुद्ध असोत की वद्य. शिवाय उधाण नुकतंच होऊन गेलेलं असल्यामुळे पाण्याला ओढ असते. मुंबईजवळ उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. तेव्हा खाडीभर पाणी गढूळ होतं आणि ओढ इतकी असते की ल्यूर जागेवर ठरत नाही. म्हणून नेमक्या पुनवेला नि अवसेला मी जात नाही. ‘पुनवेला मासा खातो’ हे ऐकून जाणारे निम्मा वेळ पाण्यातून कचरा ओढत असतात. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी भरतीच्या दिवसांत, उलटी गत, पाणी हलतच नाही. पाणी हललं नाही तर जिताड्यापर्यंत काही वाहून येत नाही आणि तोही एका जागी उभा राहत नाही.

महिने म्हणाल तर पावसाळ्याआधी मार्च ते मे आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. थंडीत तो मंदावतो.

पाणी वाचणं

खरं अवघड इथे आहे, आणि मलाही हेच सगळ्यात उशिरा जमलं. जागा दाखवणारे पुष्कळ भेटतात. ‘उघाडीवर जा’, ‘पुलाखाली जा’. जागा बरोबरच असते. पण त्याच उघाडीवर जिताडा दिवसातला थोडाच वेळ उभा असतो, आणि तोही हातभर रुंदीच्या एका पट्ट्यात. तो वेळ आणि तो पट्टा कळणं हेच सगळं कसब.

उघाडी कशी चालते ते बघा. खारबंदिस्तीच्या बांधाला झडप असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. म्हणजे भरती पूर्ण झाली त्या क्षणी उघाडीवर काहीच घडत नसतं. बाहेरचं पाणी पुरेसं उतरेपर्यंत वेळ जातो, कुठे पाऊण तास, कुठे दोन तास. लोक भरतीची वेळ बघून येतात, तासभर टाकतात, काही लागत नाही म्हणून निघतात, आणि त्यांची पाठ वळल्यावर झडप उघडते.

झडप उघडली की पहिल्या लोंढ्याबरोबर कोळंबी, बोईटांची पिल्लं, लहान खरबे बाहेर फेकले जातात. जिताड्याला हे ठाऊक असतं. तो लोंढ्याच्या मधोमध उभा राहत नाही, तिथे उभं राहायला फार ताकद लागते. लोंढा आणि बाजूचं संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे पाण्यावर एक शीव दिसते. एका बाजूला गढूळ, दुसरीकडे जरा निवळ. मधे फेसाची, पानांची, काटक्यांची वळवळती रेघ. जिताडा त्या रेघेच्या संथ बाजूला, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. पुलाच्या खांबामागे, बुडालेल्या ओंडक्यामागे, तिवरातून उतरणाऱ्या ओहळाच्या तोंडाशी हाच नियम. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत पावसाळा संपताना पूरमैदानांतलं पाणी ओहळांवाटे नद्यांत उतरू लागलं की तिथले लोक मुद्दाम त्या ओहळांच्या तोंडाशी बारामुंडी गरवायला जातात. आपली उघाडी म्हणजे त्याचंच छोटं रूप.

म्हणून पोचल्यावर लगेच गळ टाकू नका. दहा मिनिटं नुसते उभे राहा. बोईटांची पिल्लं कुठे एकदम उसळी मारून पांगतात ते बघा. आणि कान द्या. जिताडा खातो तेव्हा पाण्यातून ‘धप्प’ असा पोकळ, खोल आवाज येतो, कुणी पाण्याखाली डबा उपडा केल्यासारखा. एकदा ऐकला की पुन्हा चुकत नाही. तो आवाज रेघेच्या नेमक्या कुठल्या भागातून आला ते लक्षात ठेवा.

आता ल्यूर. इथे बहुतेक जण उलटं करतात. खाली, प्रवाहाच्या दिशेने टाकतात आणि प्रवाहाविरुद्ध ओढत आणतात, कारण तसं केलं की ल्यूर छान थरथरतो आणि हाताला बरं वाटतं. जिताड्याच्या बाजूने विचार करा. सुकतीच्या लोंढ्यात इंचभराचं पिल्लू प्रवाहाविरुद्ध पोहत वर येईल का? ते वाहतच येणार. तेव्हा वर, उघाडीच्या बाजूला तिरपं टाका, ल्यूर पाण्याबरोबर वाहू द्या, आणि रीलचा दांडा फक्त दोरीतला झोळ निघण्यापुरता फिरवा. ल्यूर रेघेला लागून खाली यायला हवा, मधेमधे तळाला किंचित स्पर्श करत. सारखा चिखलात रुतत असेल तर जिगहेड जड आहे, कधीच टेकत नसेल तर हलका आहे. सुकतीचा जोर वाढतो-उतरतो तसं वजन बदलावं लागतं. एकच जिगहेड बांधून उभा राहणारा माणूस संध्याकाळभरात जेमतेम अर्धा तास खरं गरवत असतो.

ल्यूर आडोशाच्या जवळ आला की थांबा. रॉडचं टोक हलकेच एकदा उचला आणि मग काहीही करू नका. मनात तीन अंक म्हणा. माझ्या अनुभवात बहुतेक जिताडे याच थांबण्यात येतात. ‘सतत हलवत ठेव, नाहीतर त्याला कळेल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तिथे तोंडाशी आलेलं आणि क्षणभर अडखळलेलं भक्ष्यच त्याला हवं असतं.

आणि घाव नेहमी झटक्यासारखा जाणवत नाही. तो पाणी आत ओढतो तेव्हा ल्यूर त्याच्याकडे सरकतो, म्हणजे दोरी ताणण्याऐवजी एकदम सैल पडते. किंवा हातात एवढंच कळतं की मघापर्यंत जाणवणारं वजन आता नाही. वाट बघितलीत तर तो ल्यूर थुंकून मोकळा होतो. म्हणून मी वाहत्या ल्यूरवर डावं बोट कायम दोरीला लावून ठेवतो आणि काही वेगळं वाटलं की झोळ खेचून रॉड आडवा, बाजूला ओढतो. वर नाही. वर उचललेल्या रॉडने ल्यूर तोंडातून निसटतो. त्याचा जबडा कठीण असतो, दोरी ताठ असल्याशिवाय गळ रुतत नाही.

लागल्यावर

रॉडचं टोक खाली, पाण्यालगत. फोटोंत दिसतो तसा रॉड आकाशाकडे धरलात की जिताडा पाण्याबाहेर उसळतो, हवेत डोकं झटकतो आणि ल्यूर तुमच्याकडे परत फेकतो. टोक खाली असलं की उसळ्या कमी होतात. पहिली धाव मुळांकडे किंवा खांबाकडे असते, तेवढी एक अडवायची. ड्रॅग, म्हणजे रीलवरून दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक, आधीच घट्ट हवा. पुढचं सोपं आहे.

काठाला आणल्यावर कल्ल्यात बोट घालू नका, हात कापतो. लिप-ग्रिपने (ओठ धरायच्या चिमट्याने) खालचा ओठ धरा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. मोठा मासा ओठाला उभा टांगू नका.

कुठला ठेवायचा यावर माझं मत पक्कं आहे. जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि पुढे मादी बनतो. मीटरभराच्या पुढचे बहुतेक माद्याच, आणि अशी एक मादी हंगामात लाखो अंडी घालते. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि 58 पेक्षा लहानही ठेवता येत नाही. आपण हे स्वतःहून पाळावं. दोन-तीन किलोचा घरी न्या, कालवणाला चवही त्यालाच असते. मोठी मादी प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, कल्ले नीट चालू लागले आणि तिने स्वतः शेपटी मारली की सोडा.

काठावरच्या दोन गोष्टी

उघाडीवर बहुतेक ठिकाणी गावातल्या कुणाचं तरी जाळं लागतं. त्यांना विचारूनच उभे राहा, आणि जाळं लागलेलं असेल तर दुसरी जागा बघा. त्या माणसाचं पोट त्यावर आहे. आणि सुकतीला उघडा पडलेला चिखल टणक दिसला तरी त्यात उतरू नका, कंबरेपर्यंत रुतलेल्या माणसाला परतीची भरती गाठते. एकट्याने रात्री जाऊ नका.

प्रत्येक माशानंतर लीडर बोटांत फिरवून बघा. जरा जरी खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा, मग सुकती कितीही रंगात आलेली असो.