हजार यार्डांसाठी स्कोप घेताय? आधी या चुका टाळा

दर हंगामाला रेंजवर नवी मंडळी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एक्सचा स्कोप घेऊ?" एक्स म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते. चुकायला सुरुवात इथूनच होते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत स्कोप हे आधी मोजण्याचं उपकरण आहे, बघण्याचं नंतर. टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची गोल खुंटी) जेवढी फिरवली तेवढाच नेम सरकतो का? पुन्हा मागे आणली की नेम मूळ जागी येतो का? लागेल तेवढं वर जायला आत जागा आहे का? हे तीन प्रश्न आधी. काच किती स्वच्छ आणि चित्र किती मोठं, याची चौकशी त्यानंतर करा.

मी लिहितोय ते एफ-क्लासबद्दल, आणि ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या बेन एव्हरी रेंजवर जे बघत आलो त्यावरून. पालथं झोपायचं, रायफल बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, स्कोप लावायचा आणि १००० यार्डांपर्यंत, म्हणजे ९१४ मीटरपर्यंत मारायचं. हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहार्सन यांच्यामुळे सुरू झाला. वयामुळे साध्या साइटवर नेम धरता येईना, पण नेमबाजी सोडवत नव्हती. १००० यार्डांच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या आतला एक्स ५ इंचांचा. पुढे सगळीकडे एमओए येईल, म्हणून तेवढं लक्षात ठेवा: एका अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच, १००० यार्डांवर साधारण साडेदहा इंच.

डब्यावरचा एलिव्हेशनचा आकडा पूर्ण आपला समजणं

ही चूक इतक्यांदा बघितली आहे की आता नवीन माणूस स्कोपचा डबा दाखवायला आला की मी आधी हाच आकडा, म्हणजे नेम एकूण किती वर-खाली सरकवता येतो तो, वाचतो.

मागे पुण्याचा एक मुलगा पहिल्यांदाच १००० यार्डांच्या मॅचला आला. रायफल .३०८ विंचेस्टर, चांगल्या नळीची. गोळ्या स्वतः भरलेल्या, एकेक वजन करून. स्कोपवर तर रायफलपेक्षा जास्त खर्च केलेला. १०० यार्डांवर झिरो करून, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून, आला होता आणि तिथे त्याचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, खरोखर सुंदर होता. मॅच सुरू झाली, त्याने पहिली साइटर, म्हणजे स्कोअरमध्ये न धरली जाणारी चाचणीची गोळी, मारली आणि टारगेट जागचं हललं नाही. पिटमधली, म्हणजे टारगेटखालच्या खंदकातली, माणसं गोळी लागली की टारगेट खाली ओढतात, भोकात खूण लावतात आणि परत वर चढवतात. टारगेट खाली गेलं नाही याचा अर्थ गोळी कागदाला लागलीच नाही. दुसरी मारली, तेच. मी त्याच्या मागे स्कोअर लिहायला बसलो होतो. स्पॉटिंग स्कोपमधून बघितलं तर टारगेटच्या बऱ्याच खाली, बांधावर धूळ उडत होती. क्लबची साधी मॅच होती, शेजाऱ्याने सांगायला हरकत नव्हती. म्हटलं, "अरे, वर घे." तो म्हणाला, "दादा, टरेट पुढे फिरतच नाहीये."

जोर लावू नकोस एवढंच तेव्हा सांगता आलं. बाकी तिथे झोपल्या झोपल्या काही करण्यासारखं नव्हतं. स्कोअरकार्ड कोरं राहिलं.

हिशोब सोपा आहे, पण तो घरी करायचा असतो. १७५ ग्रेनची .३०८ गोळी सेकंदाला २६०० फुटांच्या आसपास निघाली, तर १०० यार्डांच्या झिरोपासून १००० यार्डांना साधारण ३८ एमओए वर घ्यावं लागतं. त्याच्या स्कोपच्या डब्यावर "एकूण एलिव्हेशन ५० एमओए" लिहिलं होतं. ३८ पेक्षा ५० मोठे, म्हणून तो निश्चिंत होता. पण ते ५० म्हणजे तळापासून टोकापर्यंतचं अंतर. सपाट बेसवर झिरो केलेला स्कोप साधारण मध्यावर असतो, म्हणजे वर जायला उरतात २५. कमी पडले १३. १००० यार्डांवर १३ एमओए म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर, आणि अख्खी टारगेटची चौकट सहा फुटांची.

यावरचा उपाय स्कोपच्या मानाने अगदी स्वस्त आहे: २० एमओए उताराची रेल. ती पुढे किंचित उतरती असते, त्यामुळे स्कोपचं तोंड खाली झुकतं आणि तळाशी पडून राहिलेलं एलिव्हेशन वरच्या कामाला येतं. २५ अधिक २०, झाले ४५. मी कायम पाच-सात एमओए हाताशी राहतील असं बघतो, कारण स्कोपच्या आतली इरेक्टर ट्यूब, म्हणजे टरेटने हलणारी नळी, गोल पोकळीत सरकते. ती पार वर जाऊन टेकली की डाव्या-उजव्या बाजूलाही जागा उरत नाही, आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्याला .३०८ साठी आठ-नऊ एमओए लागू शकतात. काहीजण उलटं टोक गाठतात आणि थेट ४० ची रेल लावतात. ५० एमओएच्या स्कोपला ४० ची रेल लावली तर १०० यार्डांवर झिरोच होणार नाही, कारण खाली यायला २५ च आहेत.

त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सल्ला दिला की मागच्या रिंगखाली शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून घाल, काम होईल. असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पत्र्यामुळे दोन रिंगा एका रेषेत राहत नाहीत, स्क्रू आवळले की ट्यूब वाकते किंवा तिच्यावर दाब राहतो, आणि मग महागडा स्कोप का भटकतोय हे कुणालाच कळत नाही. महिनोन् महिने काचेची परीक्षणं बघायला वेळ असतो, मग योग्य रेल यायला आठवडाभर थांबायला काय हरकत आहे? त्याने रेल मागवली, आणि पुढच्या मॅचला पहिल्याच साइटरला टारगेट खाली गेलं.

मोठा एक्स म्हणजे मोठा स्कोअर

नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही. बारीक छिद्राची साइट आणि डोळा. त्या टारगेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे कोनात सुमारे ०.७ एमओए. आमचं दहाचं वर्तुळ ०.९५ एमओए. आमच्याहून लहान वर्तुळावर तो काहीही मोठं न करता मारतो, तेही एका स्थितीत उभं राहून. लांब पल्ल्याच्या पाल्मा स्पर्धेतही १८७६ पासून १००० यार्डांवर साध्या साइटनेच मारतात. नेम धरायला ६० एक्स लागतात हा गैरसमज मनातून काढून टाका.

जास्त मॅग्निफिकेशनचं नुकसान ॲरिझोनात दहा वाजल्यानंतर दिसतं. जमीन तापते, हवा वर उठायला लागते आणि मिराज सुरू होतं. ५० एक्सवर वर्तुळं उकळल्यासारखी हलतात, एक्स दिसेनासा होतो, आणि नवशिका त्या हलत्या चित्राच्या मागे नेम सरकवत बसतो. दिसणारी प्रतिमाच जागेवरून सरकलेली असते, तिच्या मागे धावून काही हाती लागत नाही. अशा वेळी मी २५-३० वर येतो, काळा गोल स्थिर दिसेपर्यंत. वर्तुळाची रेघ दिसत नाही, पण गोलाचा मध्य डोळा आपोआप शोधतो. शिवाय मिराज कोणत्या बाजूला वाहतंय यावरून वारा कळतो. झेंडे लोळत पडलेले असताना तर तोच खरा आधार.

उजेडाचा हिशोबही करून बघा. ५६ मिलिमीटरची पुढची काच आणि ५० एक्स, तर डोळ्याकडे येणारी प्रकाशाची चकती जेमतेम १.१ मिलिमीटरची. २५ एक्सवर ती दुप्पट होते. ५० वर डोकं किंचित हललं तरी चित्र काळं पडतं.

म्हणून स्कोप घेताना खालचा आकडाही बघा. १५-५५ किंवा १५-६० चे स्कोप एफ-क्लासमध्ये खूप दिसतात आणि ते चांगलेच आहेत, पण ते वापरणारे अनुभवी लोक वरच्या टोकाला क्वचितच असतात. आणि नळी तापली की तिच्यावरूनही मिराज उठतं; नळीवर ताणून बसवायची एक साधी पट्टी मिळते, ती लावा.

टरेटवर डोळे मिटून विश्वास

स्कोप बसवला, झिरो केला, निघाले मॅचला. मधली तपासणी कुणी करत नाही, कारण त्यात अख्खी सकाळ जाते.

मी कोणताही स्कोप, कितीही महाग असो, आधी उंच कागदावर तपासतो. १०० यार्ड टेपने मोजायचे, रेंजच्या पाटीवर विसंबायचं नाही. कागदावर ओळंब्याने उभी रेघ काढायची, तळाशी नेमाचा ठिपका. त्यावर पाच गोळ्या. मग ३० एमओए वर, त्याच ठिपक्यावर नेम, पुन्हा पाच. परत शून्यावर आणून पुन्हा पाच. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर ३१.४ इंच भरायला हवं. ३२ भरलं तर स्कोप दोन टक्के जास्त सरकतोय, आणि ३८ एमओएवर ते दोन टक्के म्हणजे १००० यार्डांवर आठ इंच. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पाच. काही म्हणतात, साइटर मिळतात, तिथे दुरुस्त करू. ठरावीक फरक असेल तर तो खरंच दुरुस्त होतो, वहीत लिहून ठेवला की झालं. पण शून्यावर परत आणल्यावर तिसरा ग्रुप पहिल्यावर पडला नाही, तर तो स्कोप परत करा. तसल्या स्कोपला साइटर वाचवू शकत नाही.

वरचा ग्रुप उभ्या रेघेपासून बाजूला गेला असेल तर रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, तिरकं बसलंय. तीन अंशांचा तिरकेपणा डोळ्याला सहसा जाणवत नाही, पण ३८ एमओए वर घेतल्यावर तो गोळी दोन एमओए बाजूला नेतो. १००० यार्डांवर २१ इंच. पाणसळ लावा आणि प्रत्येक गोळीआधी तिच्याकडे बघा.

मोजताना मीटर आणि यार्ड यांची गल्लत आपल्या लोकांकडून हमखास होते, कारण आपण मीटरवर वाढलो. १०० मीटर म्हणजे १०९ यार्डांहून थोडे जास्त. त्या अंतरावर ३० एमओए ३४.४ इंच भरतात. एकाने असंच १०० मीटरवर मोजलं, ३१.४ येत नाही म्हणून वैतागला आणि उत्तम चालणारा स्कोप दुकानात परत देऊन आला.

बाकीच्या, थोडक्यात

टरेट एमओएची आणि रेटिकल मिलचं, असा स्कोप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, घड्याळ चालू असताना हा गुणाकार करायचा नसतो.

काही टरेट खऱ्या एमओएच्या नसून १०० यार्डांना सरळ एक इंच धरतात. ३८ वर घेतल्यावर दोघांत १००० यार्डांवर सुमारे १८ इंचांचा फरक पडतो. बॅलिस्टिक ॲपमध्ये योग्य एकक निवडा.

फर्स्ट फोकल प्लेनच (चित्राबरोबर रेटिकलही मोठं होणारा स्कोप) हवा, हा हट्ट पीआरएससारख्या नेमबाजीच्या प्रकारातून येतो, जिथे वेगवेगळ्या अंतरांवर घाईत रेटिकलवरूनच नेम वर-खाली धरावा लागतो. एफ-क्लासमध्ये अंतर ठरलेलं असतं. इथे सेकंड फोकल प्लेन घ्या. मॅग्निफिकेशन वाढवलं तरी रेघ डोळ्याला जाड दिसत नाही.

पॅरलॅक्स साइड-नॉबवरच्या आकड्यावरून लावू नका. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात काढा, डोकं थोडं वर-खाली करा. रेटिकल टारगेटवर सरकत असेल तर नॉब फिरवा, ते सरकायचं थांबेपर्यंत. त्याआधी आयपीस नीट लावलेला हवा: आकाशाकडे झटकन बघायचं, रेटिकल पहिल्याच क्षणी स्पष्ट दिसलं पाहिजे. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता.

रिंगांचे स्क्रू मनगटाच्या अंदाजाने आवळणाऱ्यांना मी टॉर्क पाना हातात देतो. बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा पाळा. बहुतेक रिंगांना तो १५ ते १८ इंच-पाउंडांच्या घरात असतो.

आय-रिलीफ, म्हणजे डोळा आणि स्कोप यांतलं अंतर, टेबलाशी बसून ठरवू नका. चटईवर पालथं झोपा, गाल दस्त्यावर टेकवा, सर्वांत वरच्या मॅग्निफिकेशनवर ठरवा.

एफ-टीआरमध्ये, म्हणजे एफ-क्लासच्या बायपॉडवाल्या गटात, रायफल, बायपॉड आणि स्कोप मिळून ८.२५ किलोंची मर्यादा आहे. सव्वा किलोचा स्कोप आवडला असेल तर आधी वजनकाटा गाठा.

महाराष्ट्रात स्प्रिंगच्या एअर रायफलवर सराव करणाऱ्यांनी रायफलचा स्कोप सरळ तिच्यावर चढवू नये. स्प्रिंग पुढे आदळली की धक्का उलट दिशेनेही बसतो, आणि त्यासाठी न बनवलेल्या स्कोपची आतली जुळणी त्याने सैल होते. एअर रायफलसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

वापरलेला स्कोप घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोर टरेट तळापासून टोकापर्यंत हळू फिरवा आणि क्लिक मोजा. १/८ एमओएच्या टरेटला आठ क्लिकचा एक एमओए. एकूण आकडा बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याच्या जवळ यायला हवा. मधेच कुठे क्लिक मऊ लागला, अडकला किंवा आकडा बराच कमी भरला, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.