ऑन्टॅरिओच्या हिवाळ्यात मस्टँग जीटी : टायर कसे निवडायचे

फोर्ड मस्टँग जीटीचं २०१५ ते २०२३ या काळातलं मॉडेल म्हणजे पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याची सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. टोरॉन्टो, ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा भागात ही गाडी हिवाळाभर रोज चालवता येते. त्यासाठी टायरचा निर्णय मात्र ऑक्टोबरमध्येच व्हायला हवा. पहिला बर्फ पडला की दुकानांत तारखा मिळत नाहीत, आणि हवा तो साइझ तर आधीच संपलेला असतो.

गाडीवर उन्हाळी टायर असतील, तर दिवसाचं तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली रेंगाळायला लागलं की ते उतरवा. त्यांचं रबर थंडीत कडक होतं. रस्ता कोरडा असला, बर्फाचा कणही नसला, तरी सिग्नलवरून निघताना मागचा भाग हलतो तो त्यामुळेच. कडाक्याच्या थंडीत अशा रबराला तडे जाऊ शकतात. म्हणून जानेवारीत, नुसती गॅरेजमधून बाहेर काढायची असली तरी, या टायरवर गाडी हलवू नका.

ताकद मागे जाते म्हणून मागेच दोन हिवाळी टायर टाकायचे, ही बचत अजिबात करू नका. निघताना गाडी छान उचलेल, पण ब्रेक मारताना आणि वळताना मुख्य काम पुढच्या चाकांचं असतं. ती सरळ घसरत जातील. उलट केलं, नवे पुढे आणि झिजलेले मागे, तर वळणावर पुढचा भाग पकडतो, मागचा सुटतो आणि गाडी गरकन फिरते. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्याच झिजेचे हवेत.

साइझ : अरुंद आणि चारही सारखे

ज्या जीटीवर परफॉर्मन्स पॅकेज (मोठे ब्रेक आणि रुंद टायर असलेला फोर्डचा जादा संच) नाही, तिच्यासाठी २३५/५० आर१८ हा साइझ सर्वांत सोयीचा : रुंदी २३५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ५० टक्के, रिम १८ इंची. तो फोर्डनेच या गाडीवर दिलेला आहे. टायरची उंची सुमारे ६९२ मिमी भरते. १९ इंची रिमच्या २५५/४० आर१९ ची ६८७. फरक एक टक्क्याच्या आत असल्याने स्पीडोमीटर आणि एबीएसला काही अडचण येत नाही. फायदे मात्र ठळक आहेत. अरुंद टायर तेवढंच वजन लहान पट्ट्यावर टाकतो, त्यामुळे तो ताज्या बर्फात आणि चिखलासारख्या अर्धवट वितळलेल्या बर्फात खाली घुसतो. रुंद टायर त्यावर तरंगतो. शिवाय रस्ता आणि रिम यांच्या मधली रबराची भिंत १०२ ऐवजी जवळपास ११८ मिमीची होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांना पडणारे खड्डे पाहिलेत, तर या १६ मिमीची किंमत कळते. निव्वळ बर्फाच्या काचेवर मात्र रुंदीपेक्षा रबराचा मऊपणा आणि नक्षीतल्या बारीक चिरा जास्त कामाला येतात.

परफॉर्मन्स पॅकेज असेल तर पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक आणि ३८० मिमीच्या डिस्क आहेत. बहुतेक १८ इंची रिम त्यावर बसत नाहीत. या गाडीला कारखान्यातून पुढे २५५ आणि मागे २७५ रुंदीचे टायर येतात. हिवाळ्यासाठी चारही बाजूंना २५५/४० आर१९ घ्या. रिम आणली की टायर चढवण्याआधी ती पुढच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, लावून हाताने पूर्ण एक फेरी फिरवून पाहा. कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला) कुठेही घासता कामा नये. पहिल्या फेरीत कोरड्या, सरळ रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा उगाच लुकलुकतो का, तेही बघा.

चारही सारखे असले की टायरची जागा बदलता येते. ही गाडी मागचे टायर झपाट्याने खाते, म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला मागचे पुढे, पुढचे मागे करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अदलाबदल त्याच बाजूला करायची. डावीकडचा उजवीकडे नाही.

कुठला प्रकार?

खरा विचार इथे करायचा. हिवाळी टायर म्हणून दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिली बर्फावरची, खिळे नसलेली : ब्रिजस्टोन ब्लिझॅक डब्ल्यूएस९०, मिशेलिन एक्स-आइस स्नो, नोकियन हाकापेलिट्टा आर५. रबर खूप मऊ, चिरा दाट. दुसरी परफॉर्मन्स हिवाळी : मिशेलिन पायलट अल्पिन ५, पिरेली सोट्टोझेरो ३. रबर थंडीला टिकतं पण नक्षीचे ठोकळे घट्ट, त्यामुळे कोरड्या आणि ओल्या हायवेवर स्टिअरिंग नेमकं राहतं.

ज्यांचं जाणं-येणं बहुतांशी मीठ टाकलेल्या ४०१ किंवा ४०७ हायवेवरून, दिवसाउजेडी होतं, त्यांना दुसरी जात शोभते. पहाटे बर्फ हटवणारा नांगर फिरण्याआधी सोसायटीच्या गल्लीतून निघावं लागत असेल, चढावर घर असेल, किंवा शनिवार-रविवारी टोरॉन्टोच्या वरच्या बॅरी शहराच्या उत्तरेला जाणं होत असेल, तर पहिलीच घ्या. तिच्यावर ही गाडी थोडी लिबलिबीत वाटेल, मार्चच्या उबदार दुपारी ब्रेकिंगचं अंतर वाढेल, रबरही लवकर झिजेल. तरीही दोन्हींत मन अडकलं असेल तर कौल पहिलीलाच द्यावा : कोरड्या रस्त्यावरची उणीव वेग कमी करून भरून काढता येते, चौकातल्या काळ्या बर्फावरची (डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ बर्फाच्या थरावरची) नाही. खिळ्यांचे टायर दक्षिण ऑन्टॅरिओत राहणाऱ्यांना लावता येत नाहीत, तेव्हा तो पर्याय सोडा.

टायरच्या बाजूवर तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह असायलाच हवं. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही.  मात्र हे चिन्ह बर्फावरच्या ओढीची परीक्षा सांगतं. काचेसारख्या बर्फावर टायर किती लवकर थांबतो, हे त्यातून कळत नाही.

टायरच्या बाजूवर साइझपुढे लिहिलेला वजनाचा आकडा ९७ किंवा त्याहून वर हवा; ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो. त्यापुढचं वेगाचं अक्षर टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किमी. इथल्या वेगमर्यादेत टीसुद्धा भरपूर झालं, पण जड आणि ताकदवान गाडीत एच किंवा व्हीच्या टायरची बांधणी घट्ट असल्याने हात स्थिर राहतो. टायर कधी बनला त्या तारखेचे चार आकडे बघा : ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

बसवताना

वेगळ्या रिमचा संच घ्या. दर सहा महिन्यांनी त्याच रिमवरून टायर काढ-घाल केली की कडा खराब होतात. बोल्टचं माप ५ × ११४.३ (११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), नट एम१४ × १.५, हबचं भोक ७०.५ मिमी. बाहेरच्या कंपनीच्या रिमचं भोक मोठं असेल तर मधली कडी लागतेच, नाहीतर १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. प्लास्टिकची कडी घ्या. ॲल्युमिनियमची मिठाने हबला चिकटून बसते. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका, आणि नट ताऱ्याच्या क्रमाने २०४ न्यूटन-मीटरला आवळा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

हवा टायर थंड असताना, बाहेरच्या तापमानात भरा. तापमान दर साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा दाब सुमारे १ पीएसआय (दाबाचं एकक) उतरतो. उबदार गॅरेजमध्ये १८ अंशाला दाराच्या स्टिकरप्रमाणे भरलेली हवा बाहेर उणे १५ ला पाच-सहा पीएसआयने कमी असते, आणि मग हवा कमी असल्याचा दिवा लागला म्हणून पंक्चर शोधत बसावं लागतं. रिममध्ये हवेचे सेन्सर बसवून ते गाडीला ओळखून द्यायला दुकानदाराला सांगा.

नवे टायर पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवा आणि बर्फात गाडीतला 'स्नो/वेट' (बर्फ/ओला रस्ता) मोड वापरा. डिकीत वाळूची पोती ठेवायची गरज चांगल्या टायरवर उरत नाही. थांबवायचं वजन मात्र वाढतं.

विमा कंपनीला कळवायला विसरू नका. ऑन्टॅरिओत १ जानेवारी २०१६ पासून चार हिवाळी टायरवर सवलत देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ती मागावी लागते.

एप्रिलमध्ये उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा, मीठ धुऊन काढा, अंधाऱ्या जागी पिशवीत ठेवा. त्याच वेळी नक्षीची खोली मोजा. ४ मिमीच्या जवळ आलेली नक्षी बर्फात चालत नाही. असे टायर निघाले तर पुढच्या संचाची मागणी सप्टेंबरमध्येच नोंदवा.