फायटर माशासाठी बदामाचं वाळलेलं पान

बोअरच्या पाण्यात सोडलेला फायटर मासा कधी कधी मलूल होतो, पंख मिटून तळाशी बसून राहतो. आपल्याकडचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरणारं. हा मासा मूळचा थायलंडकडचा. भातखाचरं आणि दलदलीच्या उथळ पाण्यात, कुजलेल्या पानांखाली राहणारा. तसं पाणी घरी करता येतं, तेही फुकट. अंगणातल्या देशी बदामाचं झाड पुरतं (सुक्यामेव्यातला बदाम नव्हे, मोठ्या पानांचा).

१. झाडाखाली आपोआप गळलेलं, तपकिरी पान उचला. हिरवं तोडू नका.
२. धुवून दोन दिवस सावलीत कडकडीत वाळवा.
३. बोअरचं आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं घ्या. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवा. पाणी आठवड्याने येतं तिथे टाकीतलं साठवलेलं चालतं, फक्त झाकण काढून ठेवायचं.
४. दहा-पंधरा लिटरला एक मध्यम पान. दोन दिवसांत पाणी फिक्या चहासारखं होतं. ते घाण नाही, तेच हवं असतं. तीन आठवड्यांनी, पान चाळणीसारखं झालं की बदला.

फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचं पान मात्र चुकूनही टाकू नका.

नर रुळला की तरंगत्या पानाच्या कडेला बारीक बुडबुड्यांचा फेस जमवतो. ते त्याचं घरटं आहे. पाणी बदलताना तेवढा कोपरा हलवू नका.