जिओकॅशच्या डब्यात कोणती भेट ठेवावी?

जिओकॅश म्हणजे खेळासाठी कोणीतरी लपवून ठेवलेला डबा; तो शोधणारे आतल्या कागदावर आपली नोंद करतात आणि आवडल्यास एखादी भेट घेऊन बदल्यात दुसरी ठेवतात. जीपीएसच्या आधारे शोधलेला हा डबा मुले मोठ्या उत्सुकतेने उघडतात आणि आत गंजलेली पिन, लगदा झालेले स्टिकर निघाले की हिरमुसतात. हे टाळण्यासाठी आदल्या रात्री एवढे करावे.

१. ठेवायची वस्तू रात्रभर पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवावी. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात बंद डब्यातही दमटपणा शिरतो, त्यामुळे सकाळी जी वस्तू जशीच्या तशी निघते तीच निवडावी. माझ्या वाटीतल्या शार्पनरचे पाते एका रात्रीत तांबूस झाले होते. काचेच्या गोट्या, रबरी प्राणी आणि पितळी घुंगरू मात्र उत्तम राहिले. घुंगरू मला विशेष आवडते, कारण ते लहान असते आणि मुले ते लगेच दप्तराला बांधतात.

२. वस्तू पुसून वास घ्यावा. सुगंधी खोडरबर किंवा साबणाची वडी ठेवू नये, कारण वासाने मुंग्या आणि उंदीर येतात. खाऊ तर कधीच ठेवू नये.

३. डब्यातून जे घेऊ, त्याच्या तोडीचे किंवा त्याहून सरस असे काही ठेवावे. फिल्मच्या रोलएवढ्या डबीत केवळ नोंदीचा कागद मावतो. तिथे भेट कोंबू नये.

क्रमांक कोरलेली धातूची पट्टी सापडली, तर ती बक्षीस नसून प्रवासाला निघालेली वस्तू असते. पुढच्या डब्यापर्यंत पोहोचवणे शक्य असेल तरच ती उचलावी.