आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट: लिम्फ नोडचा अपूर्णांक कसा वाचावा

ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात आला की नजर आधी ट्यूमर किती सेंटिमीटरचा होता याकडे जाते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची स्टेज त्या मापावर ठरत नाही. ट्यूमर आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरला, लिम्फ नोडपर्यंत (आतड्याजवळच्या छोट्या रोगप्रतिकारक गाठींपर्यंत) पोहोचला का आणि शरीरात दूर कुठे पसरला का, यावर ठरते.

नोडची नोंद अपूर्णांकासारखी असते, समजा २/१८. छेद म्हणजे तपासलेले नोड, अंश म्हणजे त्यांतले कॅन्सर सापडलेले. आधी छेद वाचा. तो किमान १२ हवा. ०/१८ आणि ०/६ दिसायला सारखेच दिलासा देणारे, पण ०/६ वर विसंबता येत नाही, कारण न तपासलेल्या नोडमध्ये कॅन्सर असू शकतो. छेद कमी का येतो? एकतर आतड्याबरोबरचा मेसेंटरीचा चरबीयुक्त पडदा पुरेसा काढलेला नसतो, नाहीतर त्या चरबीत नोड नीट शोधलेले नसतात. कॅन्सर असलेला नोड अनेकदा ५ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, चाचपताना सहज निसटतो. म्हणून आकडा १२ च्या आत असेल तर उरलेली चरबी पुन्हा तपासता येईल का, हे लगेच विचारा. नमुना कायम जपून ठेवत नाहीत. गुदाशयाच्या कॅन्सरला ऑपरेशनआधी रेडिएशन दिलं असेल तर नोड आक्रसतात, तिथे कमी आकड्याने घाबरू नका.

आता अंश. १ ते ३ म्हणजे एन१, ४ किंवा जास्त म्हणजे एन२. दूर पसरलेला नसेल तर दोन्ही तिसरी स्टेज. सहसा ३ किंवा ६ महिन्यांची केमोथेरपी सुचवतात आणि ती ऑपरेशननंतर ८ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. एक फसवी नोंद मात्र असते: अंश शून्य, तरी एन१सी. नोड स्वच्छ, पण आसपासच्या चरबीत ट्यूमरचे सुटे पुंजके सापडलेले. हीसुद्धा तिसरीच स्टेज.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला जुनाट दाह होणारे आजार) असेल तर सीटी स्कॅनमधले ‘नोड वाढलेले’ हे शब्द जपून वाचा. जुनाट दाहात लसिकावाहिन्या (नोडकडे द्रव नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगतात, निचरा बिघडतो, नोड सुजतात. नुसत्या आकारावरून कॅन्सर आहे किंवा नाही, काहीच ठरत नाही. म्हणून या रुग्णांनी नोडमध्ये काही दिसण्याची वाट पाहूच नये, कॅन्सर त्याआधीच शोधावा. आतड्याच्या सर्वांत आतल्या थरात लसिकावाहिन्या फार विरळ असतात, त्याखालच्या थरात त्यांचं दाट जाळं. कॅन्सर त्या सर्वांत आतल्या थरात असतानाच सापडला तर त्याला पसरायला वाट जवळपास नसते. दाह गुदाशयापलीकडे मोठ्या आतड्यात असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी तपासणीची कोलोनोस्कोपी सुरू करावी. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल तर निदान झाल्याबरोबर, आणि पुढे दरवर्षी. शक्यतो दाह शांत असतानाच करा, कारण सुजलेल्या आतड्यातल्या पेशी बायोप्सीत कॅन्सरपूर्व पेशींसारख्या दिसतात.