गुरुद्वारात ग्रंथसाहिबांपुढं कसं जायचं, आपल्या निपाणी-बेळगावकडच्या माणसांसाठी

आपल्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडनं नांदेडच्या, बिदरच्या गुरुद्वारात बरीच माणसं जातात आणि आत शिरल्यावर काय करायचं, काय वाहायचं हे कळत नाही म्हणून दारातच बावरतात. आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पालखीत विराजमान आहेत ते ग्रंथसाहिब, म्हणजे शिखांचा धर्मग्रंथ, पण ते पुस्तक नव्हे, गुरू आहेत. १७०८ साली नांदेडलाच गुरू गोबिंदसिंगांनी गुरुपद ग्रंथसाहिबांना दिलं, तेव्हापासून देहधारी गुरू नाही. म्हणून तिथं पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, एकूण १४३० अंगं. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतंय.

आता आपल्या भागाला सगळ्यात जास्त लागू होणारी गोष्ट, तंबाखू. आपल्याकडं शेतात तोच, वखारीत तोच आणि खिशातही तोच, पण शीख धर्मात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे, नुसता खायचा नाही असं नाही तर खिशात घेऊनसुद्धा आत जायचं नाही. आमचे वडील पहिल्यांदा आले तेव्हा चप्पल काढताना त्यांचा हात बंडीच्या खिशाला लागला, आत पुडी आणि चुन्याची डबी. काही न बोलता उन्हातनं परत गाडीपर्यंत गेले, दोन्ही सीटखाली ठेवलं, चूळ भरली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच आले. तसंच करा. बिडी, गुटखा, सिगरेट सगळं आधीच काढून ठेवा, दारू पिऊन तर जाऊच नका.

डोकं झाकायचं, बायकांनी पदर किंवा ओढणी आणि पुरुषांनी रुमाल. फेटा असेल तर उत्तम. टोपी मात्र तिथं चालवून घेत नाहीत, म्हणून आपली पांढरी टोपी पिशवीत ठेवून रुमाल बांधा, नसला तर दारात मिळतो. पाय धुऊन आत जा, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावा, पैसे ठेवायचे तर समोर ठेवा. हळदकुंकू वाहायचं नाही, नारळ फोडायचा नाही. नांदेडच्या काही रीती वेगळ्या आहेत, तिथं सेवादार सांगतील तसं करा.

बसायचं खाली, मांडी घालून, पाय ग्रंथसाहिबांकडं पसरायचे नाहीत. गुडघे दुखत असले तर मागं भिंतीकडं बसा, कुणी काही म्हणत नाही. ग्रंथी म्हणजे ग्रंथसाहिब वाचणारे सेवेकरी, त्यांच्या हातातला चौर, म्हणजे चवरी, हलताना दिसेल, वर चांदणी, ग्रंथसाहिबांच्या अंगावर रुमाला म्हणजे झाकायचं वस्त्र, हा सगळा मान राजाचा आहे. पहाटे प्रकाश करतात, म्हणजे ग्रंथसाहिब उघडतात, आणि रात्री सुखासन, म्हणजे मिटून निजवतात, त्या वेळी ग्रंथसाहिब डोक्यावर घेऊन विश्रांतीच्या खोलीत नेतात. जमलं तर सुखासनाला थांबाच, सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. अरदासलाही, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या प्रार्थनेलाही, उभंच राहायचं.

कडाह प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. आपल्या शिऱ्यासारखाच, पण रव्याचा नाही, कणकेचा, तूप इतकं की तळहात चकचकीत होतोय. एक कणही खाली सांडू देऊ नका. लंगरला पंगतीत बसायचं, तिथं जात, गाव, श्रीमंती काही विचारत नाहीत, ताटात घेतलेलं मात्र संपवायचं.

घरी आणायचं म्हणाल तर पूर्ण ग्रंथसाहिब हौसेनं आणू नका हो, स्वतंत्र खोली लागते, रोज प्रकाश, सुखासन चुकवून चालत नाही. गुटका म्हणजे नित्यपाठाची छोटी पोथी, ती आणा. स्वच्छ कपड्यात गुंडाळून उंच जागी ठेवायची, हात धुऊन आणि डोकं झाकून उघडायची, आपल्या ज्ञानेश्वरीशेजारी ठेवली तरी चालतंय, फक्त वर दुसरं काही ठेवायचं नाही.

आणि वारकरी असाल तर कीर्तन संपल्यावर ग्रंथींना हात जोडून विचारा, "भगत नामदेवजींचा शबद ऐकवाल का?" ग्रंथसाहिबांत आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.