क्वेरीतून टेबल बनवताना एरर आली तर मागं काय उरतं, ते कसं लिहून ठेवायचं

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीचा रिपोर्ट आमच्याकडं होता, रोज रात्री सौद्याच्या डेटातून सरासरी दराचं टेबल सिलेक्ट इन्टूनं (क्वेरीच्या निकालातून थेट नवीन टेबल बनवणारी कमांड) बनायचं. एकदा सकाळीच शेठचा फोन, "रिपोर्ट कोरा हाय की ओ!" बघतोय तर टेबल जाग्यावर, कॉलम सगळे, ओळ एक नाही. डॉक्युमेंटमध्ये "एरर आल्यास जॉब थांबतो" एवढंच, आणि ते लिहिणारा मीच.

झालेलं असं की एका पट्टीत वजन शून्य पडलेलं, त्यानं भागाकार झाला आणि क्वेरी आपटली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्ट इन्टू दोन टप्प्यांत चालतं, आधी टेबल बनतं मग ओळी भरतात, त्यामुळं ओळी रोलबॅक झाल्या, म्हणजे मागं घेतल्या गेल्या, तरी रिकामं टेबल तसंच राहतं. आमच्या स्क्रिप्टनं परत रन करताना टेबल हाय म्हणून पुढचं सोडूनच दिलं.

तर पहिली ओळ हीच लिहायची, एरर आल्यावर टेबल उरतं का. मॅन्युअल बघून नको, मुद्दाम पाडून बघ. टेस्ट डेटाबेसमध्ये शून्य वजनाची एक ओळ घाल, क्वेरी चालव, आपटली की त्या टेबलवर काउंट मार. टेबलच सापडलं नाही तर उरलं नाही, शून्य आलं तर रिकामं उरलंय. व्हर्जनपण लिही.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टेबल उरत नाही, पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा कमांडचा गट) उघडं असेल तर रोलबॅक करेपर्यंत पुढची एकपण कमांड घेत नाही, हेपण लिहायचं. मायएसक्यूएलपण डेटा भरताना एरर आली की टेबल स्वतःच काढून टाकतं. तिथली गंमत वेगळीच, शून्यानं भागणारी नुसती सिलेक्ट चालवली तर नल (रिकामी किंमत) येतो, फार तर वॉर्निंग, आणि तीच क्वेरी क्रिएट टेबलमागं लावली की स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीच्या डेटाला नुसत्या वॉर्निंगऐवजी एरर देणारं सेटिंग) १३६५ एरर. ५.७ पासून हा मोड डिफॉल्टच आहे. "माझ्याकडं तर चालली" हे भांडण इथूनच सुरू होतं, म्हणून एसक्यूएल मोड लिहिल्याशिवाय सोडायचं नाही.

'इफ नॉट एक्झिस्ट्स' (टेबल नसेल तरच बनव) लावलं असेल तर या दोघांतपण टेबल आधीच असलं की एरर येतच नाही, नुसती नोट येते, आणि आत कालचाच डेटा. एरर नाही म्हणून हे कोण लिहीतच नाही.

आमची नोंद आता अशी आहे: "वजन शून्य, एरर ८१३४, टेबल रिकामं उरतं, परत चालवण्याआधी ड्रॉप करा." नंतर सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं, आता एरर आली की कॅचमधल्या (एरर पकडणारा कोडचा भाग) रोलबॅकनं टेबलपण जातंय, त्यामुळं ही ओळपण बदलायची राहिलीय.